कर्जात बुडालेल्याने सल्ला कोणाचा घ्यावा? सुपे ते जिंतूर, दीडशे वर्षांचा शोध

१/
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गाव. बाजाराचा दिवस. आसपासच्या खेड्यांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. धान्य लुटले गेले, कापड लुटले गेले. पण जमावाला सर्वांत आधी हवे होते ते कागद. रोखे, गहाणखते, हुकूमनामे. ते बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली.

२/
हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ असे नाव पडले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाला एक गोष्ट ठळकपणे आढळली : जेथे सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले, तेथे सहसा मारहाण झाली नाही. शेतकऱ्याचा रोष माणसापेक्षा कागदावर अधिक होता. कारण तो कागद त्याला वाचता येत नव्हता, आणि वाचून दाखवणारा विश्वासाचा माणूस गावात नव्हता.

३/
आज ‘कर्जसल्ला’, ‘कर्जमुक्ती’, ‘लोन सेटलमेंट’ अशा पाट्या व जाहिराती तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांतील कोणावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न नवा वाटतो. प्रत्यक्षात तो दीडशे वर्षे जुना आहे. या काळात त्याला कोणती उत्तरे मिळाली आणि परभणी जिल्ह्यातील जिंतूरसारख्या गावाच्या वाट्याला त्यांतील काय आले, याचा हा मागोवा.

४/
आधी कर्जाचे गणित. रोकड कर्जावर चक्रवाढ व्याज. धान्याच्या कर्जावर सवाई किंवा दिढी, म्हणजे पेरणीला नेलेल्या मणामागे सुगीला सव्वा किंवा दीड मण परत. जुना रोखा फेडता आला नाही तर व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा. अशा तीन-चार नूतनीकरणांनंतर मूळ घेतलेली रक्कम किती, हे कूळ विसरलेले असे आणि सावकाराच्या वहीत ते शोधणे कठीण झालेले असे.

५/
याला आळा घालणारा एक जुना नियम आपल्याकडे होता : दामदुप्पट. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हे हिंदू धर्मशास्त्रातील तत्त्व. पण रोखा नवा केला की जुने व्याजच मुद्दल होई आणि नियम कागदावर शाबूत राहून व्यवहारात निकामी ठरे. कर्जाचा खरा इतिहास पाहणारा कोणी नसेल, तर उत्तम नियमही निरुपयोगी असतो.

६/
दंग्यांनंतर चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्याने न्यायालयाला सांगितले : रोख्यावरचा आकडा अंतिम समजू नका, व्यवहार जेथून सुरू झाला तेथपासून हिशेब उलगडा, मुद्दल वेगळे काढा, व्याज वेगळे काढा. कर्जासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले. स्पष्टपणे गहाण न टाकलेली जमीन कर्जापोटी विकण्यासही मनाई झाली.

७/
याच कायद्याने एक नवे पद निर्माण केले : समेट घडवून आणणारा मध्यस्थ, इंग्रजीत ‘कन्सिलिएटर’. शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी सावकाराने त्याच्यापुढे जावे, दोघांचे ऐकून घेऊन त्याने तडजोड सुचवावी, आणि ती न जमल्यास तसा दाखला द्यावा. या दाखल्याविना दावा दाखल होत नसे. मध्यस्थापुढे वकिलांना मज्जाव होता. सरकारी मान्यतेचा कर्जसल्लागार महाराष्ट्रात प्रथम दिसतो तो येथे.

८/
सोबत आणखी एक तरतूद होती, जिचे महत्त्व आज अधिक जाणवते. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकापुढे, वाचून व समजावून, लिहिला जावा. दिलेल्या पैशाची पावती मिळावी. मागितल्यास हिशेबाचा उतारा व पासबुक मिळावे. सल्ला आणि लेखी पुरावा या दोन गोष्टी कायद्याने एकत्र बांधल्या, कारण पुराव्यावाचून सल्ला म्हणजे केवळ सांत्वन.

९/
या कायद्याच्या अंमलबजावणीशी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव जोडलेले आहे. १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते या कायद्याखालील विशेष न्यायाधीश होते. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून खालच्या न्यायालयांचे निकाल तपासणे हे त्यांचे काम. अर्थशास्त्रज्ञ रानड्यांनी शेतकऱ्याचे कर्ज ग्रंथांत पाहिले, त्याचबरोबर ते निवाड्यांच्या बस्त्यांतही पाहिले.

१०/
मग मध्यस्थ यशस्वी झाला का? अंशतः. त्याच्या हाती समजूत घालण्यापलीकडे काही नव्हते. सावकाराने तडजोड नाकारली तर दाखला घेऊन तो न्यायालयात जायला मोकळा. दुसरे, पुढच्या पेरणीला त्याच सावकाराच्या दारी जायचे आहे हे जाणणारे कूळ मध्यस्थापुढे तरी मोकळेपणाने काय बोलणार? कालांतराने ही मध्यस्थ पद्धत मोडीत निघाली.

११/
सावकारांनीही वाट शोधली. गहाणखत लिहिले तर न्यायालय हिशेब उकरते. मग गहाणखत न लिहिता सरळ खरेदीखतच लिहून घ्यावे. पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याचा वायदा तोंडी. कागदावर विक्री, मनात गहाण. ही युक्ती इतकी रुळली की पुढे कायद्यात दुरुस्ती करून खरेदीखतामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना द्यावा लागला. ही युक्ती लक्षात ठेवावी. ती या कथेत पुन्हा भेटणार आहे.

१२/
आता जिंतूर. १८७९ चा हा सारा खटाटोप जिंतूरच्या शेतकऱ्याच्या गावीही नव्हता. जिंतूर हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्याचा तालुका; मुंबई इलाख्याचा कायदा तेथे लागू नव्हता. नेमगिरीच्या जैन लेण्यांमुळे परिचित असलेला हा प्रदेश काळ्या मातीचा, कापूस व ज्वारीचा. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-मनमाड रेल्वे परभणी व सेलूवरून गेली. कापसाला दूरची बाजारपेठ मिळाली आणि कापसावर उचल देणाऱ्यालाही.

१३/
येथे भाषेचा प्रश्न कर्जाहून बिकट होता. कूळ बोलणार मराठी. सावकाराची वही बहुधा मोडी लिपीत. १८८४ पासून संस्थानच्या कारभाराची भाषा उर्दू. वर्ष मोजायचे फसली सनात. नाणे हाली सिक्का, त्याचा दर वेगळा : इंग्रजी १०० रुपयांना हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. सीमेपलीकडच्या व्यापाऱ्याशी व्यवहार झाला तर कर्ज कोणत्या रुपयात घेतले आणि कोणत्या रुपयात फेडायचे, हाच एक वाद.

१४/
अशा स्थितीत कर्जदाराचा खरा सल्लागार कोण? कचेरीबाहेर बसणारा अर्ज लिहिणारा, गावचा पाटील, कुलकर्णी, किंवा दुसरा सावकार. यांतील प्रत्येकाचा त्या व्यवहारात काही ना काही हितसंबंध असू शकत होता. अर्ज लिहिणाऱ्याला अर्जामागे पैसे मिळत. तडजोड झाली तर अर्ज कोण लिहिणार? दुसऱ्या सावकाराला कूळ आपल्याकडे ओढायचे होते. सल्ला मुबलक होता. निःस्वार्थ सल्ला दुर्मीळ होता.

१५/
जिंतूरच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर वऱ्हाडची सीमा. तेथे १९३३ मध्ये वेगळाच प्रयोग सुरू झाला. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कर्जसमेट कायद्याने अशा प्रकारची मंडळे देशात प्रथम स्थापली. कर्जदाराने सर्व देणी मंडळापुढे मांडायची. सर्व सावकारांनी आपापले दावे कागदांसह सांगायचे. मग एकत्रित तडजोड. १९२९ च्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते, आणि कर्जाचा आकडा मात्र जागचा हलला नव्हता, ही त्यामागची निकड.

१६/
१८७९ च्या मध्यस्थाला नसलेले दात या मंडळाला होते. कर्जदाराचा न्याय्य प्रस्ताव सावकाराने विनाकारण फेटाळला, तर मंडळ कर्जदाराला तसे प्रमाणपत्र देई. पुढे तो सावकार न्यायालयात गेला तरी त्याला दाव्याचा खर्च मिळत नसे आणि पुढील व्याजावरही मर्यादा येई. सल्ला नाकारण्याची किंमत मोजावी लागणार, हे कळल्यावर सल्ल्याला वजन येते.

१७/
हैदराबाद संस्थानही स्वस्थ नव्हते. १९१४ मध्ये तेथे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९२९-३० मध्ये एस. केशव अय्यंगार यांनी संस्थानातील खेड्यांची आर्थिक पाहणी केली. १९३७ मध्ये एस. एम. भरूचा यांनी शेतकरी कर्जबाजारीपणाची चौकशी केली. त्या सुमारास जमीन हस्तांतरणावर निर्बंध व कर्जसमेट यांचे नियम आले, आणि फसली १३४९ मध्ये सावकारी नियंत्रणाचा कायदा झाला. कायदे हैदराबादेत झाले. जिंतूरच्या शिवारापर्यंत त्यांची वाट लांबची होती.

१८/
सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याने शेतकरी कर्जदार साहाय्याचा कायदा केला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. याच दशकात अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला (१९५४). देशातील शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्के, आणि व्यावसायिक व शेतकरी-सावकारांचा मिळून सुमारे ७० टक्के, असे त्यात दिसले. सुप्याच्या होळीनंतर पाऊणशे वर्षांनीही वही सावकाराचीच होती.

१९/
आता ती जुनी युक्ती पुन्हा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. या कायद्याच्या कलम १८ नुसार, सावकारीच्या ओघात कर्जापोटी खरेदीखताने किंवा अन्य मार्गाने बळकावलेली स्थावर मालमत्ता गेल्या १५ वर्षांतील असेल, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून तो व्यवहार अवैध ठरवू शकतात व मालमत्ता परत देण्याचा आदेश करू शकतात. कागदावर विक्री, मनात गहाण : एकोणिसाव्या शतकातील हा डाव एकविसाव्या शतकातही इतका चालू होता की त्यासाठी स्वतंत्र कलम लिहावे लागले.

२०/
याच कायद्यात इतिहासाचे इतर प्रतिध्वनीही ऐकू येतात. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही : हे दामदुप्पट. चक्रवाढ व्याजास मनाई. पावती व हिशेब देणे बंधनकारक. शेतकऱ्यास तारणी कर्जावर वार्षिक ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के, इतरांस अनुक्रमे १५ व १८ टक्के, हे सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेले कमाल दर. परवान्याविना सावकारी केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तालुक्याच्या पातळीवर दाद मागायची ती सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात.

२१/
नोंदीचे महत्त्व किती, याची एक कठोर साक्ष. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबास मदत देण्याच्या २००५ च्या शासन निर्णयात कर्ज मोजले जाते ते बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे सावकारी कर्ज शासनाने फेडण्याचे ठरवले, तेही परवानाधारक सावकारांचेच. बिनपरवाना सावकाराच्या चिठोऱ्यावरचे कर्ज माणसाला मारू शकते. सरकारी दप्तरात मात्र ते अस्तित्वातच नसते.

२२/
सल्ल्याची संस्था मात्र नव्या रूपाने परतली. एस. एस. जोहल यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने अडचणीतील शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाची शिफारस केली. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने वित्तीय साक्षरता व कर्ज समुपदेशन केंद्रांची आदर्श योजना जाहीर केली. त्यातील अटी बोलक्या आहेत : सेवा विनामूल्य असावी, केंद्र स्थापन करणाऱ्या बँकेपासून ते अंतर राखून असावे, त्याने बँकेची वसुली करू नये आणि तिची उत्पादनेही विकू नयेत. जिंतूरच्या कचेरीबाहेरील जुन्या प्रश्नाचे, म्हणजे ‘सल्लागार कोणाचा माणूस?’ याचे, हे लेखी उत्तर होते.

२३/
सेवा विनामूल्य किंवा ‘ना नफा’ म्हटली की ती विश्वासार्ह, असे मात्र नव्हे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून ना-नफा कर्ज समुपदेशनाची परंपरा आहे. शतकाच्या अखेरीस त्याच नावाखाली अनेक संस्थांनी कर्जदारांकडून भरमसाट शुल्क उकळून ते आपल्याच संबंधित कंपन्यांकडे वळवले. २००४ मध्ये तेथील सिनेटच्या उपसमितीने याची चौकशी केली आणि पुढे करखात्याने अनेक संस्थांची करसवलत काढून घेतली. पाटी सेवेची, गल्ला नफ्याचा, हे कोण्या एका देशाचे वैशिष्ट्य नाही.

२४/
भारतात रिझर्व्ह बँक नोंदणी करते ती बँकांची व वित्तसंस्थांची. कर्ज ‘मिटवून देणाऱ्या’ खासगी एजन्सीसाठी वेगळी परवाना-व्यवस्था नाही. म्हणून ‘आम्ही रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने कर्ज माफ करून देतो’ असे सांगणारा येथेच उघडा पडतो. ‘हप्ते थांबवा, ते पैसे आमच्याकडे भरा’ हा सल्लाही तसाच. हप्ते थांबले की दंड व व्याज चढते, वसुली सुरू होते, आणि त्याचा भार एजन्सीवर पडत नाही, कर्जदारावर पडतो. एकरकमी तडजोड झाली तरी पत-अहवालात खाते ‘बंद’ असे न दिसता ‘सेटल्ड’ असे दिसते व पुढच्या कर्जाला आडवे येते. हे आधी सांगतो तो सल्लागार. दडवतो तो दलाल.

२५/
दीडशे वर्षांच्या या इतिहासातून सल्लागार पारखण्याच्या पाच कसोट्या निघतात.
एक : त्याला पैसे कोण देतो? (अर्ज लिहिणाऱ्याचा धडा.)
दोन : सल्ला देण्याआधी तो सर्व देण्यांचा, मुळापासूनचा हिशेब मागतो का? (१८७९ चा धडा.)
तीन : प्रत्येक गोष्ट लेखी, कर्जदाराला वाचता येईल अशा भाषेत देतो का? (मोडी-उर्दूचा धडा.)
चार : कोऱ्या कागदावर सही, आगाऊ शुल्क किंवा खरेदीखत मागतो का? (सावकारी युक्तीचा धडा.)
पाच : त्याने चूक केल्यास दाद कोणाकडे मागायची, हे ठरलेले आहे का? (वऱ्हाडच्या मंडळाचा धडा.)

२६/
या कसोट्यांना उतरणारी दारे जिंतूरसारख्या गावाच्या आवाक्यात आहेत. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे वित्तीय साक्षरता केंद्र. तालुका विधी सेवा समिती : १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व अल्प उत्पन्न गट यांना तेथे मोफत विधी साहाय्य मिळते; लोकअदालतीत झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखीच बंधनकारक असते. बँकेविरुद्धच्या तक्रारीस महिनाभरात समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तोही विनाशुल्क. आणि स्वतःचा पूर्ण पत-अहवाल वर्षातून एकदा मोफत मागवता येतो. सुप्याच्या शेतकऱ्याला जे पासबुक कायद्याने देऊ केले होते, त्याचाच हा वारस.

२७/
यातही जुने दुबळेपण उरले आहेच. अशा केंद्रांची माहिती ज्याला सर्वाधिक हवी, त्याच्यापर्यंत ती उशिरा पोहोचते. दलाल मात्र आधी पोहोचतो, आणि तो गावातलाच, ओळखीचा असतो. १८७९ चा मध्यस्थही कागदावर उत्तम होता. पुढच्या पेरणीची भीती बाळगणाऱ्या कुळाला त्याच्यापुढे बोलता आले नाही, म्हणून तो अपुरा पडला. सल्ल्याची संस्था उभारणे जितके आवश्यक, तितकेच कर्जदाराला निर्भय होण्याइतका पर्यायी पतपुरवठा मिळणेही आवश्यक.

२८/
सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण तो वाचून दाखवणारे विश्वासाचे माणूस त्यांना लाभले नाही. पण जळालेल्या रोख्याबरोबर फेडलेल्या पैशाचा पुरावाही जळतो, आणि मूळ कर्ज किती होते हे सांगणारी शेवटची ओळही. त्यानंतरच्या कायद्यांचा सारा प्रवास एकाच दिशेने झाला : कागद जाळू नका, तो उलगडून मागा. जिंतूरच्या बाजारात आज कोणी ‘सही करा, बाकीचे आम्ही पाहतो’ असे म्हणाले, तर ‘आधी वाचून दाखवा, आणि एक प्रत मला द्या’ एवढे म्हणणे पुरेसे आहे. प्रत देण्यास जो कचरतो, त्याच्याविषयी इतिहासाने निकाल केव्हाच दिलेला आहे.

(समाप्त)